कोरी गोधडी

"धुणार नाही म्हणजे नाही," मी समृद्धीला तोंडावर सांगितलं. "कोरं कापड आणलंय, कोरंच शिवणार आणि कोरंच देणार. तुला काय धुवायचंय ते तुझ्या सासरी जाऊन धू."

समृद्धी माझी मुलगी. ऑफिसचं काम घरातूनच करते. म्हणजे लॅपटॉप मांडीवर आणि कान माझ्याकडे. गेल्या वर्षी तिला गोधड्या शिवायचा नाद लागला. शिकली कुणाकडून? आईकडून नाही हं. मोबाइलमध्ये कुणी गोरी बाई दाखवते, तिच्याकडून. ती बाई म्हणे कापड आणल्या आणल्या आधी मशीनला लावते, वाळवते, इस्त्री करते आणि मगच कात्री हातात घेते. तिला दुसरी कामं नसतील.

"मम्मी, ऐक ना. नवीन कॉटन आटतं. वरचं वेगळं आटणार, आतलं वेगळं आटणार, सगळ्या चुण्या पडतील. आणि हा मरून रंग तर जाणारच. निदान मिठाच्या पाण्यात तरी भिजव."

मिठाच्या पाण्यात! आम्ही कळव्याच्या खारीगावची माणसं. माझ्या आजेसासऱ्यांचा जन्म मिठागरावर गेला. आता तिथे टॉवर झाले ते सोडा, पण या घरात मला कुणी मीठ शिकवायचं नाही.

"आणि बाळाला तर जुन्या साड्यांची गोधडी करतात ना?" ती बोलतच होती. "मऊ असते म्हणून. तूच सांगितलेलंस."

"सांगितलेलं. पण ही गोधडी कुणाच्या घरी चाललीय ते विसरलीस काय?"

त्यावर मात्र तिने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, कारण कुणाच्या घरी ते तिलाही चांगलं ठाऊक होतं.

तुम्हालाही सांगते, नाहीतर मी उगाच हटवादी वाटेन. आहेच मी हटवादी, पण उगाच नाही. माझी नणंद सरस्वती टिटवाळ्याला असते. मी लग्न होऊन कळव्याला आले तेव्हा ती घरातच होती, माझ्याच वयाची. सासूबाईंची पाठ वळली की आम्ही दोघी सटकायचो, सुक्या मच्छीच्या पैशांतले वाचवून ठाण्याला पिक्चर बघून यायचो, आणि सापडलो की एकमेकींवर ढकलायचो. नात्याने ती मला वहिनी म्हणायची, चिडली की दर्शने. दिवसातून पाचपन्नास वेळा तरी दर्शनेच व्हायचं. तिचं लग्न झाल्यावर मी तिच्या आईपेक्षा जास्त रडले. पुढे फोन आले तेव्हा रोज फोन. आज काय केलंस, पोरं उठली का, तुझा नवरा अजून घोरतो का, असल्या फालतू गप्पा तासतासभर चालायच्या.

मग तिच्या मितेशचं लग्न निघालं. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव येतं, डीजे लागतो, आणि मानपानाला तर अंतच नसतो. आता मानपानाच्या साडीचं एक शास्त्र आहे. ती नेसायची नसते. ती येते, कपाटात जाते, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी दिली जाते. घडी मोडायची नाही, पिन काढायची नाही. मला आलेली साडी मी देणार, मी दिलेली साडी ती पुढे देणार. काही साड्या मुरबाडपर्यंत जाऊन परत कळव्याला आलेल्या मी स्वतः बघितल्यात. कुणीही कुणाला विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

त्या हळदीत मी सरस्वतीला साडी दिली. पोपटी रंग, जांभळे काठ. तिने मांडीवर घेतली, बघितली, आणि नेमका डीजेवाला गाणं बदलत होता तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "वहिनी, ही तर मीच तुला दिलेली. तुमच्या वास्तुशांतीला."

दिली असेल! माझ्या कपाटात चाळीस साड्या, मी काय प्रत्येकीची जन्मपत्रिका ठेवू? आणि कोरी होती ती. पिनसुद्धा तशीच होती. मी तेच बोलले. ती म्हणाली, "जुनं गळ्यात मारलंस ते मारलंस, वर तोंड करून बोलतेस." मग मीही बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोळा बायका घास तोंडात धरून ऐकत होत्या.

तेव्हापासून तीन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. गोपीनाथ, म्हणजे माझा नवरा, भाऊबीजेला जायचे, ओवाळून घ्यायचे, जेवून यायचे. माझं नाव ती काढायची नाही. मीही फोन केला नाही. का करू? पण सरळ सांगते, मला तिची फार आठवण यायची. माझ्याकडे बिल्डिंगमधल्या बायका आहेत, मंडळाच्या बायका आहेत, पण त्यांच्याशी जपून बोलावं लागतं. मनासारखं भांडायला माणूसच उरलं नव्हतं.

आणि मग मितेशला मुलगा झाला. बारशाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, मितेशनेच पाठवलेलं, खाली पाळणा हलत होता. मी ठरवलं की जायचं, आणि अशी गोधडी न्यायची की सरस्वतीला बोलावंच लागेल. आता जिने न नेसलेल्या साडीवरून चारचौघांत माझा उद्धार केला, तिच्या नातवाला मी जुन्या लुगड्यांची गोधडी देऊ? मेले तरी नाही. सगळं नवं आणलं. वरून मरून खण, खालून शुभ्र कॉटन, आतला थरसुद्धा नव्या कापडाचा. आणि धुतलं नाही. कारण कापड एकदा पाण्यात गेलं की त्याची खळ जाते, चकाकी जाते, हाताला लुळं लागतं. सरस्वती बोटांत धरून म्हणणार, "वापरलेलं दिसतंय." तिला ती संधी मी देणार नव्हते.

शिवताना माझी वाट लागली. नव्या कापडाचे तीन थर, त्यात खणाची खळ. सुई आत जाईना, गेली तर बाहेर येईना. दोन सुया मोडल्या. बोटांची चाळण झाली. जुन्या साड्यांची गोधडी शिवताना सुई कशी आपोआप पळते, इथे प्रत्येक टाक्याला मी त्या दुकानदाराच्या खानदानाची आठवण काढत होते. समृद्धी बाजूला बसून सगळं बघत होती. एकदा उठली, उरलेल्या खणाचा तुकडा कापला, ग्लासभर पाण्यात टाकला आणि ग्लास माझ्यासमोर आणून ठेवला. जरा वेळाने बघते तर पाणी लाल.

"घे, कोकम सरबत," ती म्हणाली.

"पाणी गरम असेल," मी म्हटलं.

"फ्रीजमधलं आहे."

"मग फ्रीज बिघडलाय. जा, कामाला लाग."

दुकानदाराने मला पक्क्या रंगाची गॅरंटी दिली होती. छातीवर हात ठेवून दिली होती. मी त्या माणसावर विश्वास ठेवू की माझ्याच पोटच्या पोरीवर?

बारशाला आम्ही गाडीने गेलो. टिटवाळ्याला त्यांच्या नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मे महिना, त्यात हॉलचा एसी बंद. सरस्वती दारात उभी होती. भावाला म्हणाली, "ये दादा." समृद्धीच्या गालावरून हात फिरवला. मला बघितलं आणि माझ्या मागे कुणी आलंय का ते बघायला लागली. मागे कुणीही नव्हतं.

गोधडी मी सरळ बाळाच्या आईकडे, प्राप्तीकडे दिली. पोरगी गोड आहे. "मामी, किती सुंदर!" म्हणाली आणि लगेच पाळण्यात अंथरली. मरून खण वर केला, फोटोत छान दिसतो म्हणून. बायका येऊन हात लावून बघत होत्या, टाके मोजत होत्या. सरस्वतीही आली. बोटांत धरली, चिमटीत चोळली, माझ्याकडे न बघता निघून गेली. वापरलेली आहे असं म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. एवढ्या बोटांची चाळण केली आणि बाईच्या तोंडातून साधं हूं नाही.

बाळाला डायपर नव्हता, साधा लंगोट होता. आजीचा हुकूम. पाळणा झाला, चुलत आत्याने कानात नाव सांगितलं, नयन ठेवलं. तिच्या पाठीत गुद्दे मारून झाले. घुगऱ्या वाटल्या. बराच वेळ पोरगं त्या उकाड्यात, त्या गोधडीवर, घामाने आणि त्याच्या स्वतःच्या कर्तबगारीने भिजून निवांत पडलं होतं. मग फोटोसाठी प्राप्तीने त्याला उचललं.

आणि किंचाळली.

पोरगं मानेपासून टाचेपर्यंत लाल. लंगोट लाल, प्राप्तीचा हात लाल. कुणीतरी ओरडलं, "रक्त!" झालं. खुर्च्या पडल्या. मितेश गाडीची किल्ली शोधायला धावला, ती त्याच्या हातातच होती. प्राप्तीची आई मटकन खाली बसली. गोपीनाथ सगळ्यांना "शांत व्हा, शांत व्हा" असं इतक्या जोरात ओरडत होते की बाळ घाबरून रडायला लागलं. माझी पाचावर धारण बसली. समृद्धीने माझ्याकडे फक्त बघितलं. बोलली काहीच नाही, तेवढी मुलगी चांगली आहे.

सरस्वती गर्दी बाजूला सारून आली. बाळाला घेतलं. बोट थुंकीने ओलं केलं, त्याच्या ढुंगणावर घासलं, बोट डोळ्यांसमोर धरलं. मग गोधडीकडे बघितलं. मग हळूच माझ्याकडे वळली.

"दर्शने," ती म्हणाली. "धुतली नाय गो कापडं?"

काय सांगू तुम्हाला! पोरगं लाल झालेलं, अख्खा हॉल माझ्याकडे डोळे फाडून बघतोय, आणि माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या. दर्शने म्हणाली! तीन वर्षांनी. मी मान खाली घातली, नाहीतर माझं हसू दिसलं असतं आणि तिथेच मार खाल्ला असता.

"कोरी होती ना," मी म्हटलं.

"कोरीची शेंडी! चल वर."

त्यांचं घर वरच्याच मजल्यावर. तिने बाळाला टबात धुतलं, बेसन आणि दूध लावून. रंग काही पूर्ण गेला नाही. पुढे आठवडाभर ते पोरगं मागून गुलाबी होतं. मग तिने स्वयंपाकघरातून जाड्या मिठाची पिशवी आणली, बादलीत ओतली, आणि आम्ही दोघी बाथरूममध्ये पदर खोचून त्या गोधडीला भिडलो. पहिलं पाणी लाल. दुसरं लाल. तिसरं पण लाल. माझी भारीची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. खालचं शुभ्र कॉटन गुलाबी झालं. खण आटायला लागला आणि आतला थर काही आटेना, तशी जागोजागी टेंगळं यायला लागली. मी जीव ओतून शिवलेली गोधडी माझ्या डोळ्यांदेखत भज्यांची परात झाली.

"एवढी गोधड्या शिवणारी बाई तू," सरस्वती घासता घासता म्हणाली. "आईसमोर माझ्या टाक्यांना नावं ठेवायचीस. आणि साधं कापड धुवायचं कळलं नाही?"

"कळलेलं. समृद्धीने पण सांगितलेलं."

"मग?"

"मग काय मग? धुतलं असतं तर तू म्हणाली असतीस, जुनं आणलं. हळदीला म्हणालीस तसं."

तिने हात थांबवले. "मी साडी जुनी म्हणून चिडले, असं वाटतं तुला?"

"मग कशाला चिडलीस?"

"धर तिकडून," ती म्हणाली. गोधडीची दोन टोकं आम्ही दोघींनी धरली आणि पिळायला लागलो. ती एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पाणी बदाबदा पडत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझ्याकडे पण कपाट भरलंय गो तसल्या साड्यांनी. मी पण फिरवते. पण कुणाला फिरवते? व्याह्यांना. नवऱ्याच्या चुलत्यांना. ज्यांचं तोंड लग्नातच दिसतं त्यांना. तू मला त्यांच्यात धरलंस. माझ्या एकुलत्या एका पोराच्या हळदीला तू हात घालून जी पहिली आली ती साडी काढलीस. बघितलीपण नाहीस. बघितली असतीस तर ओळखली असतीस."

मी माझ्या टोकाला आणखी एक पीळ दिला.

"आणि आज परत तेच," ती म्हणाली. "नवंकोरं, चकाकतं. सकाळपासून बाया मला सांगतायत, मामीने काय झकास दिलंय. मना नको झकास. माझ्या सासरच्या सगळ्यांनी नवंच दिलंय, खोका भरलाय. बाळाखाली घालायला घरच्या माणसाचं नेसून नेसून विरलेलं लागतं. ते मी कुणाकडे मागू? आई राहिली नाही. मला वाटलेलं तू आणशील."

तिचा आवाज फुटला. माझाही फुटला असता, पण माझ्या हातात ओली गोधडी होती आणि ती भयंकर जड होती.

"मला वाटलं तू नावं ठेवशील," मी म्हटलं.

"ठेवली असती," ती म्हणाली. "जोरात पिळ."

घरी येऊन मी ओली साडी बदलली आणि कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत साड्या, सगळ्या घडीच्या. विरलेली एक नाही. जुन्या सगळ्या दारावर येणाऱ्या भांडेवालीला देऊन बसले होते. स्टीलचे डबे आहेत, कढई आहे, मऊ कापड मात्र नाही. आणि हल्ली घरात साडी नेसतं कोण? मी पलंगावर डोकं धरून बसले. समृद्धी आली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याच खांद्यावरचं कापड चिमटीत धरून म्हणाली, "हे काय आहे मग?"

गाऊन. सकाळपासून झोपेपर्यंत माझ्या अंगावर जे असतं ते. आंब्याच्या कोयऱ्यांचा, निळ्या फुलांचा, एक पिवळा ज्यावर बोंबील तळताना उडालेल्या तेलाचे डाग आहेत. सगळे सुती, वर्षानुवर्षं धुऊन अगदी सायीसारखे झालेले. यांची गोधडी द्यायची? माझ्या गाऊनची? सगळ्या टिटवाळ्यासमोर? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिने कपाटातले सगळे उचलून मशीनला लावलेसुद्धा.

"अगं, ते तर धुतलेलेच आहेत!"

"असू दे. परत धुते," ती म्हणाली.

शिवायला काही वेळ लागला नाही. सुई अशी पळत होती की मलाच थांबवावी लागत होती.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच टिटवाळ्याला गेले. प्राप्ती आत झोपली होती, मितेश कामावर गेला होता. सरस्वतीने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. रात्रभर नयनने जागवलेलं, हे सांगायला नको. मी पिशवी दिली. तिने गोधडी काढून उलगडली, कोयऱ्या बघितल्या, फुलं बघितली, बोंबलाचा डाग बघितला.

"तुझे गाऊन?"

"हो."

मी वाट बघत बसले, आता नावं ठेवील. तिने बाळाला माझ्या मांडीवर दिलं. गोधडी हॉलमध्ये लादीवर अंथरली. "थांब, आधी मी बघते, टाका कुठे टोचतो का," असं म्हणून स्वतःच तिच्यावर आडवी झाली. बाळाची गोधडी केवढी असणार? तिची पाठ तेवढी मावली, पाय लादीवर. गाल कापडावर टेकवला, कूस बदलली.

"टोचतो का?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. तोंड उघडं पडलं होतं.

मांडीवर नयन ओला झाला, मग माझी साडी ओली झाली. पायाला मुंग्या आल्या. मी हलले नाही. इतक्यात फोन वाजला, मी घाईघाईने उचलला. गोपीनाथ होते.

"काय गं, काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली," मी हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे अजून बोलत नाही? परत रागावली काय?"

"अहो, घोरतेय ती. माझ्या गाऊनवर. ठेवा फोन."